झाकण असलेलं प्रवाळ

जर्मनीच्या पश्चिमेला, बेल्जियमच्या सरहद्दीलगत आयफेल नावाचा डोंगराळ टापू आहे. तिथल्या चुनखडीच्या जमिनीत नांगर फिरला की मातीबरोबर कधीकधी एक विचित्र दगड वर येतो. तीन-चार सेंटिमीटर लांबीचा, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. एक टोक निमुळतं, दुसरं उघडं. मोजडीचा फक्त पुढचा, चवड्याचा भाग कापून घेतला तर जसा दिसेल तसा. नशीब जोरावर असेल तर त्या उघड्या तोंडावर नेमकं बसणारं अर्धवर्तुळाकार, जाडजूड झाकणही सापडतं. ‘कॅल्सिओला सँडॅलिना’ हे या जीवाश्माचं शास्त्रीय नाव, आणि त्यातले दोन्ही शब्द पादत्राणांवरूनच आले आहेत. आयफेलच्या काही थरांत तो इतका मुबलक आहे, की जर्मन भूवैज्ञानिक त्या थरांना कित्येक पिढ्या ‘कॅल्सिओला थर’च म्हणत आले. हे थर मध्य डेव्होनियन काळातले, म्हणजे साधारण ३९ कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा तिथे डोंगर नव्हते. उथळ, कोमट समुद्र होता.

कॅल्सिओला हे प्रवाळ आहे. वसाहत न करता एकेकट्याने राहणारं प्रवाळ. आज कुठल्याही संग्रहालयातल्या चिठ्ठीवर हे वाचायला मिळेल. पण ती चिठ्ठी बिनचूक लिहायला विज्ञानाला जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि त्या शंभर वर्षांत हा दगड ज्यांनी हाताळला ते कोणी हौशे-गवशे नव्हते. त्यांत लिनिअस होता, लामार्क होता. एकाकी प्रवाळाची जात ठरवताना नेमकं काय पाहायचं आणि डोळ्यांत भरणारं काय बाजूला ठेवायचं, हे समजून घ्यायला या चुकीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

प्रवाळ म्हटलं की आपल्याला अंगठीतलं लाल पोवळं आठवतं, नाहीतर लक्षद्वीपची बेटं. बेटं रचणारी प्रवाळं वसाहतीने राहतात; हजारो चिमुकले जीव एकमेकांना चिकटून एकच सांगाडा वाढवत नेतात. एकाकी प्रवाळात हा सगळा संसार एका जिवाचा. हा जीव म्हणजे पॉलिप: मऊ, नळीसारखं शरीर, वरच्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शकांचं कडं. तो आपल्या बुडाखाली आणि भोवती चुन्याचा पेला बांधतो आणि त्याच्या वरच्या टोकाला राहतो. वाढ होईल तसा पेला उंच आणि रुंद होतो, जीव वर सरकतो, खालचा भाग रिकामा राहतो. म्हणून अशा प्रवाळाचा सांगाडा बहुधा शंकूसारखा किंवा शिंगासारखा असतो. निमुळतं टोक बालपणाचं, वरचा काठ म्हातारपणाचा. पेल्याच्या आत काठाकडून मध्याकडे जाणारे उभे पडदे असतात, कारण पॉलिपच्या शरीरातही तशाच घड्या असतात आणि सांगाडा त्या घड्यांच्या आधाराने घडतो. मांस कुजून गेलं तरी शरीराच्या रचनेची नोंद चुन्यात उरते. वर्गीकरणाचा सगळा डोलारा या पडद्यांवर उभा आहे.

लिनिअसने कॅल्सिओलाला १७७१ साली नाव दिलं, तेही वनस्पतींवरच्या एका ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या प्राण्यांच्या पुरवणीत. त्याने तिला ‘अनोमिया’ या प्रजातीत टाकलं. त्या काळी अनोमिया ही धर्मशाळाच होती. ज्यांची दोन शकलं एकसारखी नाहीत असे बरेच शिंपलेवाले जीव तिथे मुक्कामाला असत. यातली गंमत अशी, की जीवाश्म प्रवाळ लिनिअसला नवखे नव्हते. १७४१ साली तो बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड बेटावर फिरून आला होता आणि १७४५ साली त्याच्या हाताखाली बाल्टिक प्रवाळांवरचा एक प्रबंध मांडला गेला. प्रबंध सादर करणारा विद्यार्थी हेन्रिक फाउट होता, पण तेव्हाच्या स्वीडिश रिवाजाप्रमाणे विचार बहुतांशी गुरूचेच असत. म्हणजे किनाऱ्यावर पडलेल्या दगडांतून जुनी प्रवाळं ओळखणारा माणूस, आणि सव्वीस वर्षांनी समोर आलेल्या प्रवाळाला तो शिंपला समजला.

दोष झाकणाचा. प्रवाळाला झाकण असतं असं कोणी ऐकलंच नव्हतं. उलट दोन तुकडे, त्यांतला एक खोलगट, दुसरा चपटा, दोहोंमध्ये सरळ बिजागरीसारखी कड, एवढं एकत्र दिसलं की शिंपल्याशिवाय दुसरं काही मनात येणं कठीणच. लामार्कने १७९९ साली ‘कॅल्सिओला’ ही स्वतंत्र प्रजाती केली आणि पुढे तिला रुडिस्ट नावाच्या शिंपल्यांच्या पंगतीत बसवलं. ही निवड वेडगळ नव्हती. क्रिटेशस काळातल्या रुडिस्टांचं एक शकल शंकूसारखं आणि दुसरं त्यावरच्या झाकणासारखं असतं. नंतरच्या अभ्यासकांनी कॅल्सिओलाला तिथून उठवून ब्रॅकिओपॉडांत नेलं. ब्रॅकिओपॉड हेही दोन शकलांचे समुद्री जीव; पण शिंपल्यांशी त्यांचं नातं फार दूरचं. त्यांतल्या काही गटांत एक शकल फुगीर आणि दुसरं त्यात बसणारं असतं. घरं बदलत गेली, पण झाकण आहे म्हणजे शिंपलाच, या गृहीतकाला कोणी हात लावला नाही.

ते गृहीतक मोडलं गुस्ताफ लिंडस्ट्रोम याने. १८२९ साली गॉटलंडच्या व्हिस्बी शहरात जन्मलेला हा माणूस तिथल्याच शाळेत शिक्षक होता. पुढे स्टॉकहोमच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात प्राध्यापक झाला. गॉटलंड म्हणजे समुद्रातून वर आलेला सिल्युरियन काळातल्या चुनखडकाचा ठोकळा. त्यात प्रवाळांची नुसती गर्दी. तिथे वाढलेल्या माणसाकडे पॅरिसच्या पंडिताकडे नसलेलं भांडवल होतं: एकाच प्रकारचे शेकडो नमुने, फुटलेले, झिजलेले, अर्धवट, वेगवेगळ्या वयांचे.

त्याच्या हाती आलेला मुख्य साक्षीदार होता ‘गोनिओफायलम पिरॅमिडॅले’. हे प्रवाळ चौकोनी पिरॅमिड उलटा धरावा तसं दिसतं. त्याच्या पेल्यात पडदे स्पष्ट असतात. ते प्रवाळ आहे याविषयी कोणाला शंका नव्हती. लिंडस्ट्रोमने दाखवून दिलं, की या निःसंशय प्रवाळाच्या तोंडावर झाकण असतं, तेही चार तुकड्यांचं, प्रत्येक बाजूला एक. एकदा एका प्रवाळाला झाकण असू शकतं हे सिद्ध झालं की कॅल्सिओलाविरुद्धचा मुख्य पुरावाच गळून पडतो. दुसरा साक्षीदार आणखी जवळचा. फर्डिनंड रोमर या जर्मन अभ्यासकाने गॉटलंडच्या एका जीवाश्माला १८५६ साली ‘कॅल्सिओला गॉटलँडिका’ म्हटलं होतं. बाहेरून तीच ठेवण: अर्धा शंकू, सपाट बाजू, झाकण. लिंडस्ट्रोमने तो आतून पाहिला तर तिथे प्रवाळांत आढळणारी बुडबुड्यांसारखी ऊती भरलेली होती, आणि सपाट बाजूवरून मुळांसारखे फुटवे निघालेले. त्याने त्याला ‘रायझोफायलम’ अशी नवी प्रजाती करून दिली.

मग कॅल्सिओला पुन्हा पाहिली. तिच्या पेल्याच्या आतल्या अंगावर बारीक उभ्या कडा आहेत. सपाट बाजूच्या मधोमध त्यांतली एक ठळक आहे. झाकणाच्या आतल्या अंगावरही अशाच रेषा. शिंपल्यात शकलं मिटणारे स्नायू जिथे चिकटतात तिथे खुणा उरतात. इथे तसल्या खुणा नाहीत. या कडा म्हणजे प्रवाळाचे पडदेच, फक्त चुना साचून साचून त्यांच्यामधली जागा बुजलेली आणि म्हणून ते इतके आखूड दिसणारे. १८६५-६६ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं, आणि १८८३ साली झाकणवाल्या प्राचीन प्रवाळांवर एक सविस्तर ग्रंथच लिहिला. कॅल्सिओला शिंपल्यांतून उठली आणि ‘रुगोसा’ या गटात येऊन बसली. अजून तिथेच आहे.

मला लिंडस्ट्रोमच्या कामात सर्वांत आवडतं ते हे, की त्याने झाकणाचं महत्त्व नाकारलं नाही; त्याची किंमत ठरवली. झाकण ही जगण्याच्या गरजेतून आलेली सोय आहे, आणि अशा सोयी वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे येऊ शकतात. पडद्यांची मांडणी तशी नसते. ती शरीराच्या मूळ आराखड्यातून येते. नातं ठरवायचं तर आराखडा आधी.

हा आराखडा वाचायचा कसा, हे लिंडस्ट्रोमच्याच समकालीन आल्बर्ट कुंट या जर्मन अभ्यासकाने १८६९ साली नियमात बसवलं. रुगोसा गटातल्या बाल-प्रवाळात आधी सहा पडदे येतात. त्यानंतरचे मोठे पडदे मात्र सहाही मोकळ्या जागांत येत नाहीत; ठरावीक चार जागांतच येत राहतात. त्यामुळे वरून गोल दिसणारा पेला खरं तर गोल नसतो. त्याला एक मधली रेषा असते आणि डावी-उजवी बाजू असते. आजच्या समुद्रातल्या दगडी प्रवाळांत नवे पडदे सहाही जागांत, फेऱ्याफेऱ्यांनी येतात. दोन्ही गटांत सांगाड्याचा मालमसालाही निराळा: रुगोसाचा कॅल्साइटचा, आजच्यांचा अरॅगोनाइटचा. अरॅगोनाइट खडकात फार काळ टिकत नाही, विरघळतं किंवा त्याचं रूपांतर होतं. कॅल्साइट टिकतं. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या सांगाड्याची सूक्ष्म ठेवण आपल्याला वाचता येते ती पुष्कळशी यामुळे.

पण वाचायचं तर कापायला हवं. नव्या एकाकी प्रवाळाचं वर्णन करणाऱ्यासमोरचा पहिला पेच हाच. दगड धुऊन, घासून, मापं घेऊन बाहेरचं सगळं लिहून झालं तरी हाती फारसं काही लागलेलं नसतं. बाहेरच्या सालीवर आडव्या सुरकुत्या असतात (रुगोसा हे गटाचं नाव त्या सुरकुत्यांचंच) आणि साल झिजली असेल तर पडद्यांच्या जागा दाखवणाऱ्या उभ्या खाचा दिसतात. या खाचा एका रेषेपाशी तिरप्या येऊन मिळाल्या, की मुख्य पडदा कुठल्या बाजूला आहे ते कळतं. म्हणजे करवत कुठून लावायची ते कळतं.

मग आडवा छेद. एक नव्हे, टोकापासून काठापर्यंत ओळीने बरेच. टोकाकडचे छेद त्या जिवाचं बालपण दाखवतात, काठाकडचे प्रौढपण. एकाच दगडात एका प्राण्याचं अख्खं आयुष्य असं क्रमवार मिळणं ही जीवाश्मांच्या अभ्यासात मोठी चैन आहे. डायनासोरवाल्यांना ती परवडत नाही. शिवाय एक उभा छेद हवाच, कारण पडद्यांच्या मध्ये आडव्या पातळ्या कशा आहेत, सपाट, मध्ये उचललेल्या की खचलेल्या, आणि कडेला बुडबुड्यांची ऊती आहे की नाही, हे फक्त त्यात दिसतं. प्रत्येक छेद काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासत नेतात, म्हणजे प्रकाश आरपार जातो. करवतीच्या पात्यात दर वेळी थोडा दगड भुकटी होऊन जातो, म्हणून त्याआधी गुळगुळीत पृष्ठभागावर सौम्य आम्ल लावून त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा बसवतात आणि तो सोलून काढतात. त्यावर सगळी नक्षी उमटते. क्ष-किरणांनी न कापता आत डोकावण्याची सोय आता झाली आहे, पण कॅल्साइटच्या सांगाड्यात कॅल्साइटच भरलं असेल तर किरणांना दोहोंत फरक करणं अवघड जातं. करवत अजून निवृत्त झालेली नाही.

छेद समोर आले की मोजणी सुरू होते. मोठे पडदे किती, आणि त्या ठिकाणी व्यास किती? नुसती संख्या कामाची नाही. वय वाढेल तसे पडदे वाढतात, म्हणून संख्या नेहमी व्यासाबरोबर सांगायची. मोठ्या पडद्यांमध्ये आखूड पडदे आहेत का? मोठे पडदे मध्यापर्यंत पोचतात, की वाटेत थांबतात? मुख्य पडद्यापाशी जी मोकळी खाच राहते, जिला फॉस्युला म्हणतात, ती आतल्या बाजूला रुंदावते की आवळते? मध्यभागी खांबासारखं काही आहे का? या उत्तरांतून आधी कुळ, मग प्रजाती आणि शेवटी जात ठरते.

बाहेरच्या आकारावर इतका अविश्वास का? कारण एकाकी प्रवाळाचा आकार पुष्कळदा त्याच्या नशिबाची कथा असतो. मऊ चिखलात टेकलेलं प्रवाळ लाटेने आडवं झालं की जीव मरत नाही. तोंड पुन्हा वर करून वाढू लागतो आणि शिंगाला बाक येतो. पुन्हा कलंडलं तर दुसरा बाक. गाळ अंगावर आला, अन्न तुटलं, तर पॉलिप आक्रसतो आणि पेल्याची रुंदी एकदम कमी होते. बरे दिवस आले की पुन्हा रुंदावतो. एकाच थरातले, एकाच जातीचे दोन नमुने यामुळे इतके वेगळे दिसतात, की जुन्या अभ्यासकांनी त्यांना सर्रास दोन नावं दिली. आज रुगोसांवर काम करणाऱ्याचा बराच वेळ नव्या जाती शोधण्यापेक्षा जुनी जास्तीची नावं एकत्र करण्यात जातो. हे काम कोणाच्या कौतुकाचं नसतं, पण नव्या नावांपेक्षा ते अधिक उपयोगाचं आहे असं माझं मत आहे.

एक नमुना पाहून जात करू नये, ढीग पाहून करावी, हे आर. जी. कॅरदर्स या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने १९१० साली फार सुंदर दाखवून दिलं. स्कॉटलंडच्या कार्बोनिफेरस खडकांत ‘झाफ्रेंटिस डेलानुई’ नावाचं छोटं शिंगाकृती प्रवाळ आणि त्याचे भाईबंद सापडतात. कॅरदर्सने ते थरांच्या क्रमाने, खालून वर, गोळा केले आणि कापले. सर्वांत खालच्या थरांतल्या नमुन्यांत फॉस्युला आतल्या बाजूला रुंद होती. वरच्या थरांत तिच्या दोन्ही कडा समांतर होत गेल्या, आणखी वर ती आवळली गेली, आणि सगळ्यात वरच्या प्रकारात पडदेच आखूड होऊन मध्यापासून सुटले. या चार अवस्थांना त्याने चार नावं दिली, पण एक अवस्था संपून दुसरी सुरू झाली असं कुठेच घडत नव्हतं. एकाच थरात शेजारी-शेजारी दोन-तीन अवस्था सापडत आणि वर जावं तसं त्यांचं प्रमाण बदलत जाई. त्याहून पुढची गोष्ट अशी, की वरच्या थरातल्या प्रवाळाच्या टोकाकडचा छेद घेतला तर त्याच्या बालपणात खालच्या थरातल्या पूर्वजाची ठेवण दिसे. आता यात जात कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली म्हणायचं? रेघ मारावी लागते, कारण नावाशिवाय बोलता येत नाही. पण ती आपण मारलेली आहे.

ती रेघ मारण्याचं व्यावहारिक मोल मात्र मोठं. १९०५ साली आर्थर व्हॉन याने ब्रिस्टलजवळच्या एव्हन नदीच्या घळीतल्या चुनखडकाचे प्रवाळ आणि ब्रॅकिओपॉड यांच्या आधारे थर पाडले. त्यांतले काही थर एकाकी प्रवाळांच्याच नावाने ओळखले गेले. कुठल्याशा दूरच्या खाणीत तेच प्रवाळ मिळालं की हा खडक त्या काळातला, असं म्हणता येऊ लागलं. जात चुकीची ओळखली तर काळही चुकतो.

आणि कधीकधी सालीवरच्या सुरकुत्यांतून असं काही निघतं, ज्याचा वर्गीकरणाशी संबंध नसतो. जॉन वेल्स हा अमेरिकी प्रवाळतज्ज्ञ. त्याने न्यूयॉर्क आणि ओंटारिओच्या मध्य डेव्होनियन खडकांतल्या, म्हणजे साधारण कॅल्सिओलाच्याच काळातल्या, प्रवाळांवरच्या अतिशय बारीक वाढरेषा मोजल्या. आजच्या प्रवाळात वर्षाला सुमारे ३६० रेषा येतात, म्हणजे दिवसाला एक असं मानता येतं. डेव्होनियन प्रवाळांत वर्षाच्या पट्ट्यात ३८५ ते ४१० रेषा भरल्या. १९६३ साली ‘नेचर’मध्ये त्याने हे छापलं. खगोलशास्त्रज्ञ आधीपासून सांगत होते, की भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं हळूहळू मंदावतंय, म्हणजे पूर्वी दिवस लहान होते आणि वर्षात ते जास्त बसत. सुमारे ४०० दिवसांचं वर्ष म्हणजे जवळपास २२ तासांचा दिवस. पूर्वीच्या गणिताशी हे जुळलं. असल्या रेषा मोजायला सालीचा उत्तम टिकलेला नमुना लागतो आणि मोजणाऱ्या-मोजणाऱ्यांत फरक पडतो, हे खरं. पण एका शिंगाएवढ्या दगडाने चंद्राच्या ओढीचा हिशोब द्यावा, हे मला तरी अजून थोडं अविश्वसनीयच वाटतं.

पुन्हा नावाकडे. पुस्तकात हे नाव ‘कॅल्सिओला सँडॅलिना (लिनिअस, १७७१)’ असं छापतात, आणि तो कंस शोभेचा नाही. जातीचं नाव लिनिअसने दिलं, पण त्याने तिला ज्या प्रजातीत ठेवलं होतं तिथून ती नंतर हलवली गेली, एवढी सगळी माहिती त्या दोन कंसांत आहे. कंस नसता तर ती मूळ प्रजातीतच आहे असा अर्थ झाला असता. लिनिअसने तिला शिंपला मानलं म्हणून त्याचं नाव रद्द होत नाही. प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम मताची शिक्षा नावाला देत नाहीत. आधी दिलेलं नाव टिकतं, मत बदलत राहतं. जातीचा अंतिम आधार मात्र शब्द नसून एक वस्तू असते. वर्णनकर्त्याने निवडलेला एक नमुना, होलोटाइप, एखाद्या संग्रहालयात क्रमांक लावून ठेवावा लागतो. २००० सालापासून नव्या जातीसाठी असा नमुना स्पष्टपणे नेमणं बंधनकारक आहे. एकाकी प्रवाळाच्या बाबतीत हा होलोटाइप पुष्कळदा एक दगड नसतोच. तो कापलेले तुकडे, काचेवरचे छेद आणि सोललेले पापुद्रे यांचा गठ्ठा असतो, आणि प्रत्येकावर तोच क्रमांक.

आपल्याकडे सह्याद्रीत हिंडून असलं काही सापडणार नाही. रुगोसा गट सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या अखेरच्या महासंहारात संपला. दख्खनचा बेसाल्ट त्यानंतर जवळजवळ १९ कोटी वर्षांनी ओतला गेला. पण बाहेरच्या रूपाने फसण्याच्या दोन कथा आपल्या शेजारच्याच आहेत. नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, बाघ इथे क्रिटेशस काळातला एक चुनखडक आहे. भूविज्ञानाच्या पुस्तकांत तो ‘कोरलाइन लाइमस्टोन’ म्हणून ओळखला जातो, पण त्यात भरलेले जीव प्रवाळ नसून ब्रायोझोआ नावाचे वेगळेच वसाहतवासी आहेत. प्रवाळासारखे दिसले, प्रवाळाचं नाव मिळालं, आणि ते चिकटून बसलं.

दुसरी कथा कॅल्सिओलाची अगदी उलटी. आज पाकिस्तानात असलेल्या मिठाच्या डोंगररांगेत पर्मियन काळाचा चुनखडक आहे. तिथल्या एका शंकूसारख्या, झाकणवाल्या जीवाश्माला बेल्जियमच्या द कोनिंकने १८६३ साली लिनिअसच्याच त्या जुन्या धर्मशाळेत, अनोमियात, घातलं. १८८१ साली कायझरने त्याला ‘रिश्टोफेनिया’ ही वेगळी प्रजाती दिली. नंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका’ या ग्रंथमालेत विल्हेल्म वागेनने त्याचं बारकाईने वर्णन केलं. शंकूसारखं शरीर, वर झाकण, आत बुडबुड्यांची ऊतीसुद्धा. कॅल्सिओलाचं प्रकरण नुकतंच निकाली लागलेलं. त्या धड्याबरहुकूम चाललं असतं तर हेही प्रवाळच ठरायला हवं होतं. वागेनला त्यात प्रवाळाची, रुडिस्टाची आणि ब्रॅकिओपॉडाची अशी तिहेरी छटा दिसली, आणि त्याने त्यासाठी वेगळा गट करून त्याला प्रवाळसदृश अशा अर्थाचं नाव दिलं. पण निकाल ब्रॅकिओपॉडांच्या बाजूने लागला, कारण आत स्नायूंच्या खुणा आणि ब्रॅकिओपॉडाच्या शंखाची बारीक ठेवण होती. कुंटच्या नियमाने येणारे पडदे नव्हते. झाकण आणि बुडबुडे दोघांकडेही. नातं दोहोंनी ठरलं नाही.

खुद्द कॅल्सिओलाही आपल्या भूवैज्ञानिकांच्या हाताला लागली होती, भारतात नव्हे, ब्रह्मदेशात. उत्तर शान प्रांतातल्या पदौकपिन इथल्या डेव्होनियन चुनखडकात प्रवाळांची दाटी आहे, आणि कावपर रीड याने १९०८ साली त्याच ग्रंथमालेत तिथल्या जीवाश्मांचं वर्णन केलं तेव्हा त्यांत कॅल्सिओलाचीही नोंद होती. आयफेलमधली मोजडी इतक्या पूर्वेला मिळणं याचा अर्थ, त्या काळच्या उथळ समुद्रांत तिचा पसारा मोठा होता.

झाकणाचं काम काय होतं? सपाट बाजू तळाच्या गाळावर टेकवून हा जीव आडवा पडलेला असे, असं आता बहुतेक मानतात. गाळ उसळला किंवा कोणी खायला आलं तर झाकण लोटून घ्यायचं. आजच्या दगडी प्रवाळांत असं झाकण कुठेच नाही. मऊ प्रवाळांच्या काही कुळांत मात्र पॉलिप आत ओढून घेतला की त्याच्या तोंडावर चुन्याचे खवले मिटतात. सोय तीच, पण घराणं तिसरंच. १९९३ साली पोलंडच्या यारोस्लाव्ह स्टोलार्स्की याने कॅल्सिओलाच्या अगदी बालवयातल्या अवस्थांचा आणि त्यांच्या ठेवणीतून दिसणाऱ्या कार्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे लिंडस्ट्रोमनंतर सव्वाशे वर्षांनीही हा दगड कापून संपला नव्हता.

याच स्टोलार्स्कीने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ साली खोल समुद्रातल्या, आजही जिवंत असलेल्या एकाकी प्रवाळांचा डीएनए तपासला. दगडी प्रवाळांचे सांगाडे खडकात प्रथम मोठ्या प्रमाणात दिसतात ते ट्रायासिक काळात, रुगोसा संपल्यानंतर. त्यामुळे ती रुगोसांपासून आली असावीत की नाही यावर दीर्घकाळ वाद होता. डीएनएने या वंशाची सुरुवात सुमारे ४२.५ कोटी वर्षांपूर्वी, सिल्युरियनमध्ये नेली. गॉटलंडच्या समुद्रात गोनिओफायलम जगत होतं त्या सुमाराला. म्हणजे दोन्ही घराणी कोट्यवधी वर्षं शेजारी-शेजारी नांदली असणार, आणि त्यांतल्या एकाच्या त्या काळातल्या सांगाड्यांचा मागमूस फार थोडा लागतो. पण कॅल्सिओलाचा डीएनए काढायची सोय नाही. ती नेमकी कोणत्या कुळाची, गोनिओफायलमच्या किती जवळची, हे प्रश्न तिच्या पडद्यांच्या ठेवणीवरूनच सोडवायचे आहेत.